चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर: चालवणे आणि दुरुस्त करणे

जुनी फीत (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझ्या काकांनी १९९६ साली खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात तिथल्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण केले होते. त्यासाठी त्यांनी टॅस्कॅम कंपनीचा ४२४ हा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर वापरला होता. पहिल्या ट्रॅकवर पखवाज, दुसऱ्यावर टाळ, तिसऱ्यावर पेटी आणि चौथ्यावर बुवांचे गायन, अशी नोंद त्यांनी कॅसेटच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात करून ठेवली आहे. काका गेले, बुवाही गेले, आणि आता बुवांच्या नातवाला आजोबांचा आवाज हवा आहे. अशा अकरा कॅसेटी आहेत.

आधी आम्ही त्यांतली एक कॅसेट घरातल्या साध्या टेपवर लावली. पखवाज आणि टाळ ऐकू आले, पण इतक्या संथ आणि खर्जात, की वादक पाण्याखाली बसले आहेत असे वाटावे. कॅसेट उलटून लावली तेव्हा पेटी आणि गायन दोन्ही उलट्या दिशेने वाजू लागले. बुवांच्या सूनबाईंनी दोन मिनिटे ऐकले आणि “बंद करा, हे बरं वाटत नाही,” असे म्हणून त्या आत निघून गेल्या. कॅसेट खराब झाली असावी, असेच त्या दिवशी सर्वांना वाटले.

म्हणून माळ्यावरचा मूळ रेकॉर्डर खाली काढला. दिवे लागतात. प्ले दाबले की आत काहीतरी फिरल्याचा आवाज येतो, दोन-तीन सेकंदांनी खट् होते आणि यंत्र आपोआप थांबते. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले, तर त्याने झाकणही न उघडता “बेल्ट होगेत्री,” म्हणजे बेल्ट गेला, असे सांगितले आणि असले यंत्र आपण हातात घेत नाही म्हणून परत दिले. त्याचे निदान बरोबर आहे का, आणि घरच्या घरी यातले कितपत करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेटीमास्तर (निपाणी)

दुरुस्तीवाल्याचे निदान बहुतेक बरोबर आहे. पुढच्या वेळी प्ले दाबाल तेव्हा काउंटरकडे पाहा. आकडे हलत नसतील, तर फीत गुंडाळणारे चाक फिरत नाही, असे समजावे. चाक फिरते आहे की नाही हे एक सेन्सर सतत पाहत असतो, आणि त्याच्याकडून इशारा आला नाही तर फीत आत गुंतू नये म्हणून यंत्र स्वतःहून थांबते. याचा अर्थ यंत्राचा मेंदू शाबूत आहे, थकले आहेत ते रबराचे भाग. माझ्या अनुभवात अशा यंत्रांच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या रबराच्या असतात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच तक्रारी म्हणजे बिघाडच नसतो, बटण चुकीच्या जागी असते.

साध्या टेपवर जे ऐकलेत त्याचा उलगडा आधी करतो, म्हणजे कॅसेट खराब असल्याची शंका निघून जाईल. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमधली फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते. साध्या स्टिरिओ टेपमध्ये या रुंदीचा अर्धा भाग एका बाजूसाठी आणि अर्धा दुसऱ्या बाजूसाठी असतो, आणि प्रत्येक बाजूवर डावा व उजवा असे दोन ट्रॅक असतात. टॅस्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र काढले, तेव्हा हे चारही ट्रॅक एकाच दिशेने, एकाच वेळी वापरले. त्यामुळे अशा कॅसेटला दुसरी बाजू उरत नाही. साध्या टेपमध्ये ती सरळ लावली की पहिला आणि दुसरा ट्रॅक ऐकू येतो, उलटली की तिसरा आणि चौथा उलट ऐकू येतात. आपल्या काकांच्या नोंदीशी हे तंतोतंत जुळते.

खर्जाचे कारण वेग. साधी टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. ४२४ वर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ९.५ सेंटिमीटरचा वेगही आहे, आणि काकांनी तोच वापरला असणार, कारण त्याने बारीक, वरचे नाद जास्त स्वच्छ येतात. निम्म्या वेगाने वाजवल्यावर सगळे एक सप्तक खाली जाणारच. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटवर या वेगाने एकाच दिशेने पंधरा मिनिटेच बसतात. एका कॅसेटवर दोन-तीनच अभंग का आहेत, हा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर त्याचे हे उत्तर.

चिकणमाती (खानापूर)

यंत्र उघडण्याआधी कॅसेटी वाचवा, ही माझी विनंती. आमच्याकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, मग माळ्यावरच्या कॅसेटीचे काय सांगावे. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का, ते विजेरी तिरकी धरून पाहावे. दिसली तर ती कॅसेट यंत्रात अजिबात घालू नये, कारण एका कॅसेटची बुरशी हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावरून, दुसऱ्या कॅसेटला लागते.

दुसरे असे, की कॅसेटच्या मागच्या कडेला असलेल्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडून टाका. ज्या यंत्राची बटणे अजून अंगवळणी पडलेली नाहीत त्यावर एकमेव प्रत वाजवताना रेकॉर्डचे बटण चुकून दाबले गेले, तर बुवांचा आवाज कायमचा जाईल. पट्टी मोडलेली असली की यंत्र मुद्रण करूच देत नाही.

फितीवर दाब देणारा नमद्याचा छोटा तुकडाही तपासा. तो पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो, आणि इतक्या वर्षांत डिंक सुकून तो गळून पडतो. कॅसेटचे कवच स्क्रूचे असेल तर फितीची दोन्ही वेटोळी उचलून तशाच दुसऱ्या चांगल्या कवचात ठेवता येतात. हे काम टेबलावर पांढरे कापड पसरून, पंखा बंद करून करावे. पंखा बंद करून, हे मी अनुभवाने सांगतो आहे.

जुनी फीत (शहापूर, बेळगाव)

पेटीमास्तर आणि चिकणमाती, दोघांचेही आभार. काउंटर हलत नाही, हे खरे ठरले. अकरापैकी दोन कॅसेटींवर बुरशी आहे, त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. एकीचा नमदा गळालेला आहे.

रविवारी यंत्र उघडले. खालचे झाकण काढल्यावर आधी काहीच कळले नाही, नंतर कळले की जिथे बेल्ट असायला हवा तिथे बेल्ट नाहीच. मोठ्या जड चाकाच्या कडेवर आणि मोटरच्या पुलीवर काळा, चिकट, डांबरासारखा लेप होता, आणि एक ओघळ खालच्या पत्र्यावर येऊन गोठलेला होता. रबराचे असे होते हे ऐकले होते, पण बोट लावले तेव्हाच पटले. तो डाग साबणाने तीन दिवस गेला नाही, म्हणून पुढे जो कोणी हे करील त्याने हातमोजे घालावेत. कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन तास पुसत बसलो. काडी काळी झाली की टाकायची आणि नवी घ्यायची, कारण तीच पुन्हा फिरवली तर डांबर फक्त जागा बदलते. शेवटची काडी पांढरी निघेपर्यंत साठ-सत्तर काड्या गेल्या असाव्यात.

आतल्या बाजूला आणखी एक लहान बेल्ट सापडला. हेडचा पूर्ण पाट वर उचलणाऱ्या दातेरी चाकाला तो फिरवतो. तो वितळला नव्हता, पण सैल होऊन लोंबत होता.

आता प्रश्न मापाचा. गणपत गल्लीच्या मागे जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात टेपच्या बेल्टांची मिसळ असलेली पुडी मिळते. त्यातला कोणता घ्यावा?

पेटीमास्तर (निपाणी)

बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेने शिवणाचा जाड दोरा ताणून गुंडाळा, टोके जुळतात तिथे खूण करा आणि दोरा पट्टीवर मोजा. जी लांबी येईल तिच्यापेक्षा पाच ते दहा टक्के आखूड घेर असलेला बेल्ट घ्यावा. त्याहून घट्ट घेतलात तर मोटरच्या बेअरिंगवर भार येतो आणि वेग डळमळतो, सैल घेतलात तर तो घसरतो.

पुडीतले बेल्ट बहुतेक चौकोनी छेदाचे असतात. दातेरी चाक फिरवणाऱ्या लहान बेल्टाला तसला चालेल. मोठ्या जड चाकाला मात्र चपटाच बेल्ट हवा, कारण तेच चाक कॅपस्टनला, म्हणजे फीत ओढणाऱ्या बारीक दांड्याला फिरवते, आणि तिथला प्रत्येक धक्का आवाजात कंप होऊन ऐकू येतो. संथ आलापात पेटीचा सूर थरथरत असेल तर पहिला संशय याच बेल्टावर घ्यावा. तो या यंत्रासाठी म्हणून विकला जाणारा मागवलेला बरा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

उघडलेच आहे तर पिंच रोलर, म्हणजे फीत कॅपस्टनवर दाबून धरणारे रबरी चाकही पाहा. त्याचे रबर चकचकीत दिसत असेल तर ते कडक झाले आहे, आणि असा रोलर फीत तिरकी ओढून कधी ना कधी कॅसेट खाणार. ओल्या कापडाला थोडा साबण लावून पुसा आणि चमक जाते का पाहा. जात नसेल तर बदला. हेड आणि कॅपस्टनला अल्कोहोल चालते, रबराला ते रोज रोज लावू नये.

सोल्डरिंग (गोकाक)

विजेबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. ही यंत्रे अनेक घरांत परदेशातून नातेवाइकांनी आणलेली आहेत. मागच्या पट्टीवर किंवा अॅडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल आणि आपण ते सरळ आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसले, तर पुढच्या गप्पा दुरुस्तीच्या नसून सुटे भाग शोधण्याच्या होतात. अॅडॅप्टर हरवला असेल तर व्होल्ट, अॅम्पिअर आणि पिनेच्या आतले टोक धन आहे की ऋण, या तीनही गोष्टी यंत्रावरच्या खुणेशी जुळवूनच दुसरा घ्यावा. पिन बसते म्हणजे अॅडॅप्टर योग्य, असे नाही. पन्नास आणि साठ हर्ट्झच्या फरकाची मात्र काळजी नको, यातली मोटर डीसी असते, त्यामुळे त्या फरकाने तिचा वेग बदलत नाही.

वाजवताना घूं असा आवाज येऊ लागला तर यंत्राला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असते, आणि रेकॉर्डर व लॅपटॉप दोन वेगळ्या सॉकेटांवर असले की त्या दोघांच्या जोडणीतून हा आवाज शिरतो.

हेड साफ करून झाल्यावर त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून आवाज जिथे सर्वांत कुरकुरीत होईल तिथे ठेवावा, असेही सुचवतो. जुन्या यंत्रांचे हेड थोडे तिरके झालेलेच असते.

पेटीमास्तर (निपाणी)

सोल्डरिंग यांच्या शेवटच्या सूचनेशी मी असहमत आहे, आणि इतरांनी ती पाळण्याआधी हे वाचावे. हेडमधली फट फितीला काटकोनात असली पाहिजे, हे खरे. बाजारात विकत मिळालेली कॅसेट वाजवताना तो स्क्रू फिरवण्याला अर्थ आहे. इथे मात्र मुद्रण आणि वादन या दोन्ही गोष्टी याच यंत्राच्या याच हेडने होत आहेत. १९९६ साली हेड एका केसाइतके तिरके असेल, तर मुद्रणही तितकेच तिरके झाले आहे, आणि ते वाजवण्यासाठी तोच तिरकेपणा योग्य आहे. हेड जुळवण्यासाठी मिळणारी तपासणी कॅसेट काय सांगते हे येथे गैरलागू आहे. स्क्रू एकदा हलला की काकांची जागा पुन्हा सापडणे फार कठीण. त्यावर नखाला लावायच्या रंगाचा एक थेंब टाका आणि त्याला विसरा.

कोणी वेगळ्या यंत्रावर मुद्रित झालेली कॅसेट घेऊन आले, तर मूळ जागेची खूण करून मगच स्क्रूला हात लावावा, आणि पहिला व चौथा हे दोन कडेचे ट्रॅक एकत्र ऐकत वरचे नाद जिथे सर्वांत स्पष्ट होतील तिथे थांबावे. कडेच्या ट्रॅकांमधले अंतर सर्वांत जास्त असल्यामुळे तिरकेपणा तिथेच आधी उमटतो.

सोल्डरिंग (गोकाक)

पटले. मी विकतच्या कॅसेटींचाच विचार करत होतो. सूचना मागे घेतो.

उलटा अभंग (संकेश्वर)

एक शंका. साध्या टेपवर दोन्ही बाजू वाजवून संगणकात घेतल्या, दुसरी बाजू संगणकात उलटी केली आणि सगळ्याचा वेग दुप्पट केला, तर चारही ट्रॅक मिळतीलच की. मग एवढी खटपट कशासाठी?

पेटीमास्तर (निपाणी)

युक्ती चुकीची नाही, आणि यंत्र कायमचे गेले असते तर मीही तेच केले असते. पण दोन अडचणी आहेत. पहिली, दोन बाजू दोन वेगवेगळ्या वेळी वाजवल्या की टेपचा वेग दोन्ही वेळा अगदी सारखा राहत नाही. पंधरा मिनिटांच्या भजनात शेवटापर्यंत पखवाज आणि गायन एकमेकांपासून इतके सरकतात, की सम कुठे आणि बुवा कुठे असे होते. मग दर काही ओळींनी हाताने जुळवत बसावे लागते.

दुसरी अडचण डीबीएक्सची. फितीची खरखर दाबण्यासाठी ही यंत्रणा मुद्रण करताना आवाजाच्या चढउताराला दोनास एक या प्रमाणात दाबते आणि वाजवताना तितकेच पुन्हा उलगडते. साध्या टेपमध्ये ती उलगडण्याची सोय नसते, त्यामुळे आवाज सपाट, कर्कश आणि खरखरीचा येतो. संगणकावर उलगडायचे म्हटले तरी आधी दिशा आणि वेग सरळ करून मगच उलगडावे लागेल, कारण आवाज चढताना आणि उतरताना ही यंत्रणा सारखी वागत नाही. क्रम चुकला की गोंधळ.

जुनी फीत (शहापूर, बेळगाव)

आज पंधरा दिवसांनी लिहितो आहे. चपटा बेल्ट आला, बसवला, लहान बेल्टही बदलला. रोलर साबणाने पुसल्यावर ठीक दिसतो. काकांची कॅसेट घालण्याआधी मुद्दाम एक बाजारातली जुनी, नको असलेली कॅसेट अर्धा तास चालवली. फीत कुठे चुरगळत नाही याची खात्री झाल्यावरच खरी कॅसेट लावली.

काउंटर फिरू लागला, पण आवाज नाही. अर्धा तास मी सोल्डर सुटले असेल म्हणून वायरी हलवत होतो. शेवटी लक्षात आले, की प्रत्येक चॅनेलवरचा निवड-स्विच माईकच्या बाजूला होता, तो टेपच्या बाजूला सरकवायचा असतो. पेटीमास्तरांचे “बिघाडच नसतो” हे वाक्य तेव्हा आठवले.

त्यानंतरही एक कोडे उरले. पखवाज, टाळ आणि पेटी स्वच्छ, आणि नेमका चौथा, गायनाचा ट्रॅक कर्कश आणि खरखरीत. कडेचा ट्रॅक असल्याने फितीची कड झिजली असेल असे मी गृहीत धरले, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी असा अनुभव आणखी कोणाला आला आहे का याचा शोध घेण्यापूर्वी स्विच पुन्हा एकदा एकेक करून पाहिले. डीबीएक्सचा स्विच सिंक या खुणेवर होता. त्या खुणेवर चौथ्या ट्रॅकपुरते डीबीएक्स बंद राहते, कारण त्या ट्रॅकवर इतर वाद्ययंत्रांना ताल देणारा संकेत मुद्रित करण्याची पद्धत होती. स्विच चालूवर आणला, आणि बुवा समोर बसून गात असावेत तसा आवाज आला. मधेच एक खोकलाही आहे, आणि त्यानंतर पेटीवाल्याला उद्देशून हळूच म्हटलेले “वरचा घे.”

चिकणमाती (खानापूर)

वेग बरोबर आहे याची खातरजमा कशी केलीत? नवा बेल्ट बसवल्यावर थोडा फरक पडतो, आणि पिच फिरवायची कळ मधल्या खाचेत नसेल तर आणखी पडतो.

जुनी फीत (शहापूर, बेळगाव)

कळ मधल्या खाचेत आहे. बाकी तपासणीसाठी मंदिरातलीच पेटी उपयोगी पडली. १९९६ मध्ये जी वाजली तीच पेटी आजही तिथे आहे. मी तिच्या काळी चारचा सूर फोनवर टिपून आणला आणि तिसऱ्या ट्रॅकवरच्या त्याच सुराशी ताडून पाहिला. सहा टक्के वेग चुकला तर जवळपास एक पूर्ण अर्धस्वर सरकतो, इथे फरक कानाला कळेल इतकाही नाही. म्हणून आतल्या वेगाच्या स्क्रूला हात लावला नाही.

आता प्रत्येक ट्रॅकचे स्वतंत्र आउटपुट चार चॅनेलच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये जोडून चारही एकाच वेळी संगणकात घेतो आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवतो, घूं आवाज नाही. काहीही न सुधारता, न मिसळता मूळ चार ट्रॅक जसेच्या तसे ठेवतो आहे, आणि नातवासाठी वेगळी मिसळलेली प्रत करतो आहे. पखवाज जरा मागे ठेवला आहे, ही माझी आवड. आठ कॅसेटी झाल्या. नमदा गळालेलीचे कवच काल बदलले, पंखा बंद करून. बुरशीच्या दोन कॅसेटींना पाऊस थांबेपर्यंत हात लावणार नाही. त्या यंत्रात घालण्याआधी कोरड्या हवेत कशा साफ कराव्यात, यावर चिकणमाती यांनी सविस्तर लिहावे.

चिकणमाती (खानापूर)

लिहितो. तोवर त्या कॅसेटी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. फीत पॉलिएस्टरची आहे, पण कवच वाकते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओलसर झाल्या की बदला.